वाफ लोळली की रम

मुंबईत थंडी पडते की नाही यावर घाटकोपरात दरवर्षी वाद होतो आणि वाद मिटेपर्यंत थंडी निघून गेलेली असते. त्या वर्षी मात्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती खरोखरच आली. असल्फाच्या टेकडीवरच्या सात मजली इमारतीत माणसं कानटोप्या घालून लिफ्टची वाट बघू लागली, आणि ज्यांच्याकडे स्वेटर नव्हता त्यांनी टॉवेल गुंडाळले. सातव्या मजल्यावरच्या दीप्तीला तर ही थंडी हवीच होती. तिच्या हातात शनिवारपर्यंत पाचच संध्याकाळी होत्या, आणि तेवढ्यात तिला रम घातलेली गरम कॉफी अशी जमवायची होती की पिणाऱ्यानं आपणहून दुसरी मागावी.

अडचण एकच होती. दीप्ती दारूचा थेंबही जिभेला लावत नव्हती.

वांद्र्याच्या एका हॉटेलात ती तीन वर्षं कॉफीच्या मशीनमागे उभी होती. त्याच हॉलमध्ये बारा पावलांवर बार होता. कॉफी प्यायला येणारी माणसं लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसत, वर बघतही नसत. बारवर बसणारी मात्र बनवणाऱ्याच्या हाताकडे बघत, चार गोष्टी विचारत, पुन्हा त्याच्याच हातचं मागत. दीप्तीला ती बारा पावलं पार करायची होती. पोरीला कौतुकाची हाव आहे असं कुणी म्हणेल, खुशाल म्हणो. हातात कसब असलं तर ते चार लोकांनी बघावं असं वाटण्यात पाप कसलं?

बारमधली एक जागा रिकामी झाली तेव्हा बारप्रमुख चंद्रप्रकाशनं सगळ्यांना बोलावलं. हा गढवालचा माणूस, पण वीस वर्षांत मुंबईत पुरता मुरलेला. म्हणाला, "थंडीच्या मेनूकार्डवर एक गरम कॉफीवालं ड्रिंक पाहिजे. शनिवारी दुपारी तीनला ज्याला बनवायचं त्यानं बनवावं. ज्याचं मला आवडलं, तो बारमध्ये. सिंपल." मग दीप्तीकडे वळला. "तू पण कर. कॉफी तर तुझीच आहे. पण एक सांगून ठेवतो हां, बार म्हणजे जीभ. आपल्याकडे बनवणारा पहिला घोट घेतो, मग गिऱ्हाईक. जीभ नाही तर काउंटरमागे काय काम?"

दीप्ती "हो सर" म्हणाली आणि मनात म्हणाली, बघू.

तिच्या जिभेवर पहारा होता तो वडिलांना दिलेल्या शब्दाचा. सहदेव साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं भट्टीवर होते. पोलाद तापवायचं आणि नेमक्या क्षणी तेलात बुडवून त्याला पाणी द्यायचं, म्हणजे टणक करायचं, हे त्यांचं काम. दीप्तीची आई ती बारावीत असताना गेली, तेव्हापासून घरात हे दोघंच. दर रविवारी सहदेव पांढरा सदरा घालून विहारात वंदनेला जात आणि पंचशील नुसतं म्हणत नसत, पाळतही असत. मुलगी हॉटेलात लागली त्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "तिथं काय काय मिळतं ते मला माहीत आहे. तुझ्या जिभेला थेंब लागणार नाही, एवढा शब्द दे." तिनं दिला आणि तीन वर्षं पाळला.

पण सहदेव 'हॉटेल' हा शब्द घराबाहेर उच्चारत नसत. पाचव्या मजल्यावरचे जयवंतराव विहार समितीचे सचिव होते. त्यांनी जिन्यात विचारलं, "दीप्ती काय करते हल्ली?" की सहदेव म्हणत, "कॉफीच्या दुकानात आहे." दीप्तीनं हे दोनदा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. शब्द पाळूनही पप्पांना आपली लाज वाटते, हे तिला फार लागलं होतं.

सोमवारी संध्याकाळी तिनं सरळ विषय काढला. "पप्पा, शनिवारी माझी परीक्षा आहे. घरी सराव करावा लागेल. एक बाटली आणू का?"

सहदेवनी आधी भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे बघितलं, मग तिच्याकडे. "या घरात बाटली येणार नाही."

"मी पिणार नाहीये."

"ते मला माहीत आहे. मी बाटलीबद्दल बोलतोय. आणि दारू विकून पोट भरणं ही सम्यक आजीविका नव्हे, हे तुला लहानपणापासून शिकवलंय."

"विकणार मालक, पप्पा. मी नुसती बनवणार."

"वकील का नाही झालीस?" असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. वर्तमानपत्र उघडलं की त्या घरातली चर्चा संपत असे.

दीप्तीनं कॉफीची पूड, गूळ, क्रीमचा डबा, वजनकाटा, थर्मामीटर आणि वही असं सगळं एका पातेल्यात भरलं आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

समोर राजाराम परब राहत. मालवणकडचे, वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कुठंकुठं वॉचमन झाले. बायको शांताबाई सात वर्षांपूर्वी गेली, मुलगा बडोद्याला. परबकाकांचा पिण्यातला जुना लौकिक सगळ्या मजल्याला ठाऊक होता. गिरणीतल्या पैजा, शिमग्यातल्या पैजा, दोन बाटल्या रिचवून सरळ रेषेत चालत आलेले काका. हे किस्से ते स्वतःच रंगवून सांगत.

"काका, मला चाखणारा माणूस पाहिजे," दीप्ती म्हणाली. "मी बनवणार, तुम्ही प्यायचं आणि खरं काय ते सांगायचं. खोटं कौतुक नको हां."

 काकांनी मिशीवरून हात फिरवला. "मी चाखूचा? बरा. ये चेडवा, ये. बाटली मी हाडतंय."

काकांनी बाटली आणली आणि सराव सुरू झाला. परबकाकांच्या ओट्यावर दीप्ती आधी पेला गरम पाण्यानं शेकवी, पाणी ओतून देई, मग तळाशी कोल्हापुरी गुळाचा पाक, त्यावर कडक काळी कॉफी, मापाच्या पेल्यानं मोजून रम, आणि वर चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडलेलं क्रीम. क्रीम बरणीत घालून हलवून हलवून तिचं मनगट दुखलं, तेव्हा कुठं ते कॉफीवर तरंगायला लागलं. काकांनी गावाकडचं जायफळ काढून दिलं, ते तिनं वर किसलं. रमवाचून बाकी सगळं ती चमच्यानं चाखून बघे. रम पडली की तिची हद्द संपे आणि काकांची सुरू होई.

काकांची एक रीत होती. पेला हातात आला की ते गॅलरीत जात. पहिला थेंब गावच्या राखणदार देवाला, ही त्यांच्याकडची जुनी चाल. दार अर्धवट लोटून गाऱ्हाणं घालत, "बा राखणदारा म्हाराजा, ह्या चेडवाच्या हाताक यश दी, तिच्या वाटेतला काटाकुटा दूर कर, व्हय म्हाराजा!" दीप्ती त्या वेळी गॅलरीकडे पाठ करून उभी राही. आपण मानत नसलो तरी मानणाऱ्याकडे टक लावून बघू नये, हेही सहदेवनीच तिला शिकवलं होतं. थोड्या वेळानं काका रिकामा पेला घेऊन येत, मिशी पुसत, आणि म्हणत, "झकास!"

सोमवारी तीन पेले झकास झाले. मंगळवारी तिनं रम वाढवली, तेही झकास. बुधवारी कॉफी उकळती घेतली, तरी झकास. तिच्या वहीत अकरा ओळी भरल्या, अकराच्या अकरा झकास. एखाद्या शहाण्याला इथंच शंका आली असती. पण माणसाला यश हवं असलं की ते कुणाच्या तोंडून येतंय हे तो फार तपासत नाही, आणि दीप्तीला ते फारच हवं होतं.

गुरुवारी तिच्या पायावरून मुंगी गेली. मग दुसरी. ओळ ओट्याकडून येत नव्हती, गॅलरीकडून येत होती. दीप्ती तिच्या मागोमाग गेली. गॅलरीच्या कोपऱ्यात क्रोटनची कुंडी होती. सोमवारी हिरवंपिवळं असलेलं झाड आता माना टाकून उभं होतं. मातीवर वाळलेल्या क्रीमचा पांढरा थर, त्यावर जायफळाचा कीस, आणि गुळावर तुटून पडलेल्या शेकडो मुंग्या. रमचा वास तर दारापर्यंत येत होता.

"काका," ती म्हणाली, "राखणदाराला एक थेंब देतात ना?"

काकांनी नजर कुंडीवरून काढून घेतली.

"अकरा पेले ओतलेत तुम्ही इथं! अकरा! माझी परवा परीक्षा आहे आणि माझ्या वहीत एक खरी ओळ नाही. पूर्ण वाट लावलीत माझी. का केलंत असं?"

म्हातारा स्टुलावर बसला. त्याचा चेहरा बघून दीप्तीचा आवाज बसला, पण राग काही बसला नाही.

"शांता गेली त्या दिसापासून मी थेंब घेवक नाय," काका म्हणाले. "तिका शब्द दिललो. सात वर्सां झाली. कोणाक सांगूक नाय, लोक हसले आसते. पैजेचो परब आता चाय पिता म्हणून." त्यांनी मान वर केली. "तू दारात इलंस, म्हणालंस काका चाखून सांगा. माका आता कोण काय इचारता गे? मी नाय म्हणालो आसतंय तर तू परत येवचा नाय होतंस."

 दीप्तीला त्यांची दया आली आणि आपलीही. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिनं वहीतलं ते पान टरकावलं, चुरगाळलं आणि पुन्हा गॅसवर पाणी ठेवलं.

"आता काय करतलंस?"

"बनवणार. दुसरं काय करणार?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "कॉफी किती तापवतेस?"

सहदेव उंबऱ्याबाहेर उभे होते, हात पाठीमागे बांधलेले. ओरडा ऐकून आले असणार. परबांच्या घरात बाटली होती म्हणून चार दिवस त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता.

"ऐंशी डिग्री. थर्मामीटर आहे."

"आणि पेला किती गार आहे? बाहेर हवा किती गार आहे? चमचा किती गार आहे? ते तुझ्या थर्मामीटरला कोण सांगणार?"

"मग काय करू, पप्पा? मला चाखता येत नाही. काकांना चाखता येत नाही. तुम्हाला तर विचारायलाच नको."

 सहदेव म्हणाले, "तीस वर्षं मी पोलादाला पाणी दिलं. एक तुकडा चुकला तर गिऱ्हाइकाचं हत्यार पहिल्या घावाला तुटायचं. माझा एक तुकडा परत आला नाही. मी काय लाल लोखंड जिभेला लावून बघत होतो?"

आणि ते आत आले. बाटलीकडे न बघता ओट्याजवळ उभे राहिले. "ओत. कॉफीच ओत नुसती."

दीप्तीनं पेल्यातल्या पाकावर उकळती कॉफी ओतली. थंडीमुळे वाफ डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. एरवी मुंबईत कॉफीची वाफ इतकी नीट कुठं दिसते! ती झपाझप सरळ वर चढत होती. "आत्ता रम घाल," सहदेव म्हणाले. तिनं घातली आणि पेल्यावर वाकली. रम सटकन नाकात घुसली, डोळ्यांत पाणी आलं.

"आता दुसरा पेला. आता थांब. वाफेकडे बघ."

वाफ सरळ चढत राहिली, मग तिचा जोर ओसरला, मग ती पेल्याच्या काठाशी वळायला लागली, आळसावली, काठावर लोळायला लागली. "आता घाल," सहदेव म्हणाले.

तिनं रम घातली आणि वर जायफळ किसलं. या वेळी ती वाकली तेव्हा आधी जायफळ आलं, त्यामागून गूळ, मग कॉफी, आणि सगळ्यात शेवटी, मागच्या बाकावरून उठल्यासारखी रम. तिनं श्वास रोखून धरला. चार दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी खरं कळलं होतं.

"माका बघूंदे," परबकाका स्टुलावरून उठले. "वास घेवक काय बंदी नाय." त्यांनी डोळे मिटून दोन्ही पेल्यांवर नाक धरलं. "ह्यो बरो. पयलो वायट होतो, रम आधीच पुढ्यात येत होती. घरात यजमान बसलेलो आसताना पावणो आधी बोलाक लागलो तर कसा?"

मग तिघं कामाला लागले. एक पेला आणि त्यावर तीन नाकं, तिघांपैकी एकही पिणारा नाही. त्या मजल्यावर यापेक्षा विचित्र दृश्य त्या वर्षी दुसरं झालं नसेल. रम कमी केली, पुन्हा थोडी वाढवली. जायफळ ताजं किसलेलं चांगलं की आधी किसून ठेवलेलं, यावर काका आणि सहदेव हमरीतुमरीवर आले. पाक पातळ झाला की क्रीम बुडतं, हे दीप्तीनं शोधून काढलं आणि वहीत लिहिलं. या वेळी कुठल्याच ओळीत झकास नव्हतं.

सातव्या पेल्याला परबकाका वाकले ते वाकलेलेच राहिले. दीप्ती लिहीत होती, तिच्या ध्यानात आलं नाही. सहदेवच्या आलं. काकांचा एक हात पेल्याभोवती होता आणि दुसरा बाटलीच्या गळ्याशी गेला होता. 

"परबा," सहदेव हळू आवाजात म्हणाले, "सोड."

"सोडतंय," काका म्हणाले, पण हात तिथंच होता.

सहदेव पुढे झाले. त्यांनी काकांची बोटं एकेक करून सोडवली, पेला सिंकमध्ये ओतला, आणि जन्मात कधी न शिवलेली बाटली स्वतःच्या हातात घेतली. भट्टीतून सांडशीनं काढलेला तुकडा धरावा तशी, अंगापासून लांब. मग ती घेऊन ते पॅसेज ओलांडून आपल्या घरात गेले. दीप्ती दारात उभी राहून बघत होती. त्यांनी ती ओट्यावर ठेवली, परत आले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्याचा सराव आपल्याकडे. याच्या घरात ती बाटली पुन्हा येता कामा नये. याचा शब्द मोठा आहे."

"पप्पा, पण आपल्या घरात..."

"मी बोललो ना."

शुक्रवारी दीप्तीनं स्वतःच्या घरी एकोणीस पेले केले. सहदेव शेजारी उभे होते, वाफेकडे बघत. एकविसाव्या शतकात बाप लेकीला रम कधी ओतावी हे शिकवतोय, आणि बाप आयुष्यात प्यालेला नाही! रात्रीच्या जेवणाची वेळ टळायच्या आधी सहदेव बाजूला झाले. "आता तुझी तू कर. मी बघत नाही." ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिनं पाच पेले एकटीनं केले. पाचही सारखे झाले. तेव्हा ते म्हणाले, "काम मला अजून पटलेलं नाही. हात पटला."

शनिवारी दुपारी तीनला वांद्र्याच्या त्या बारपुढे चंद्रप्रकाश स्टुलावर बसला होता. बारमधलाच मदतनीस किरण आधी होता. त्यानं कॉफीत चॉकलेट, व्हिस्की आणि वर कॅरॅमल असं बरंच काही घातलं, रिवाजाप्रमाणे पहिला घोट घेतला आणि पेला पुढे सरकवला. चंद्रप्रकाशनं दोन घोट घेतले. "चांगलं आहे. पण मिठाईचं दुकान झालंय रे."

मग दीप्ती. एसीचा थंड झोत काउंटरवर येत होता, वाफ नीट दिसत होती. तिनं पेला शेकवला, पाक घातला, कॉफी ओतली आणि थांबली. सगळे बघत होते, ती वाफेकडे बघत होती. "काय झालं, विसरली काय?" किरण कुजबुजला. वाफ लोळली. तिनं रम ओतली, क्रीम सोडलं, जायफळ किसलं आणि पेला पुढे केला.

चंद्रप्रकाशनं तो उचलला नाही. तिच्यापुढे एक स्ट्रॉ ठेवली. "पहिला घोट तुझा."

"मी घेणार नाही, सर."

"का? धर्माचं काही?"

"शब्दाचं आहे. वडिलांना दिलाय."

"तर मग तुला कसं माहीत हे बरोबर झालंय?"

दीप्तीनं स्ट्रॉ बाजूला सारली. "माझे वडील साकीनाक्याला तीस वर्षं भट्टीवर होते. पोलाद तयार झालं की नाही हे त्यांनी कधी चाटून नाही बघितलं."

किरण फिस्सकन हसला. चंद्रप्रकाश हसला नाही. त्यानं पेला उचलून एक घोट घेतला, मग दुसरा, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता उठला. "मागे वळ."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे पेल्यांचा, पाण्याचा, चमच्याचा आवाज होत राहिला. "आता ये. तीन पेले आहेत, तुझ्याच पद्धतीचे. एक बरोबर आहे. सांग कुठला."

दीप्ती पहिल्यावर वाकली. रम नाकात घुसली. हा तापला होता. दुसऱ्यात रम नेमकी आली, गूळ मात्र आलाच नाही. साखर. तिसऱ्याचा वास सगळा बरोबर वाटला आणि तिला हायसं वाटलं. हाच. ती बोलणार, एवढ्यात तिला वहीतलं पान आठवलं, अकरा वेळा झकास लिहिलेलं. ती पुन्हा वाकली. जायफळ, गूळ, कॉफी, आणि रम येईपर्यंत फार वेळ. रम होती, पण निम्मी. तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"तिन्ही चूक आहेत, सर."

तिनं पेल्यांवर एकेक करून बोट ठेवलं.

"पहिला फार गरम. दुसऱ्यात गूळ नाही, साखर आहे. तिसऱ्यात रम निम्मी आहे. बरोबर एकच होता. त्यातले दोन घोट तुम्ही घेतलेत."

 चंद्रप्रकाशनं तो आधीचा पेला ओढून घेतला आणि तळापर्यंत संपवला. "आणखी एक बनव," तो म्हणाला. "आणि सोमवारपासून काळा शर्ट घालून ये. कॉफीवाला निळा नको."

घरी पोचेपर्यंत तिनं कुणाला फोन केला नाही. परबकाकांनी दार उघडताच तिचा चेहरा बघितला आणि गॅलरीत धावले. या वेळी ती पाठ करून उभी राहिली नाही. हातात पेलाबिला काही नव्हता, नुसते हात जोडून काका ओरडले, "व्हय म्हाराजा!" खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. सहदेव मात्र एवढंच म्हणाले, "जेवून घे." पण ताटात तिच्या आवडीचं सुकट होतं, आणि ते काही आपोआप शिजलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी सहदेव पांढऱ्या सदऱ्याची बटणं लावत होते. दीप्ती ओट्याशी पेले विसळत होती. उरलेली बाटली सोमवारी हॉटेलात नेऊन टाकायची, असं तिनं ठरवलं होतं. एका खोलीच्या घरात ओटा उंबऱ्यातूनच दिसतो, आणि उंबऱ्यात जयवंतराव येऊन उभे राहिले.

"चला सहदेवराव, वंदनेला उशीर..." एवढं बोलून ते थांबले. त्यांची नजर ओट्यावर गेली होती. तिथून ती तसबिरींकडे गेली आणि पुन्हा ओट्यावर आली.

दीप्तीनं झटक्यात खांद्यावरचा नॅपकिन ओढला आणि बाटलीवर टाकायला हात पुढे केला.

"झाकू नकोस," सहदेव म्हणाले.

तिचा हात हवेतच राहिला.

"जयवंतराव, तीन वर्षं मी तुम्हाला अर्धंच सांगत आलो. दीप्ती कॉफीच्या दुकानात नाही. वांद्र्याच्या हॉटेलात आहे, आणि उद्यापासून तिथल्या बारमध्ये. ती बाटली तिच्या सरावाची. घरात तिनं आणलेली नाही, मी आणली. या हातानं."

जयवंतरावांनी बाटलीकडे बोट केलं. "अहो, पण सहदेवराव, पंचशील... पाचवं शील..."

"पाचवं तिनं पाळलंय, थेंब घेतलेला नाही. काल नोकरी पणाला लागली तरी पाळलं." सहदेवनी शेवटचं बटण लावलं.  "चौथं मी मोडत होतो. खोटं बोलणार नाही, असं दर रविवारी म्हणायचं आणि जिना उतरताना तुमच्याशी खोटं बोलायचं. आज मला ते नीट म्हणायचं आहे."

त्यांनी चपला घातल्या आणि मागे वळून बघितलं. "येतेस?"

दीप्तीनं ओले हात नॅपकिनला पुसले, नॅपकिन खिळ्याला अडकवला आणि त्यांच्याबरोबर निघाली. बाटली ओट्यावर उघडीच राहिली.